खूण ओळखावी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की चंद्रपुरात पहाटेची थंडी पडते, गुरुचरित्राचे सप्ताह बसतात आणि या अंकाची गडबड सुरू होते. दरवर्षी संपादक मंडळी माझ्याकडून जाहिरातींचा हिशेब मागतात. यंदा त्यांनी लेख मागितला. मी शास्त्री नाही, कीर्तनकार नाही. बी.कॉम. झालेला, आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलेला माणूस. पण माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती महाराजांपुढे आणि तुमच्यापुढे मांडायची इच्छा बरेच दिवस मनात होती. ती सांगता सांगता मूर्ती म्हणजे काय, खूण म्हणजे काय, यावर जे थोडं वाचलं, पाहिलं, तेही सांगतो.

सुरुवात टोकनापासून करतो. जुन्या वाचकांना आठवत असेल, कॉम्प्युटर येण्यापूर्वी बँकेत पितळेचं गोल टोकन मिळायचं. चेक किंवा विड्रॉल स्लिप दिली की क्लार्क टोकन द्यायचा, मग कॅशियर नंबर पुकारायचा, टोकन घ्यायचा आणि पैसे द्यायचा. माझी काही वर्षं गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेकडच्या एका शाखेत गेली. एकदा जंगलातल्या गावचे एक म्हातारे टोकन धोतराच्या सोग्यात बांधून सरळ घरी निघून गेले. संध्याकाळी टोकनं मोजली तर एक कमी. आठ दिवसांनी आठवडी बाजाराला ते आले आणि टोकन माझ्यासमोर ठेवलं. मी ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "तुमीच तं देल्ले ना जी. मी जपून ठेवलो."

त्यांना वाटलं होतं, बँकेनं जे द्यायचं ते दिलं. आम्ही सगळे हसलो. टोकनालाच पैसा समजणारा माणूस भोळा, असं त्या दिवशी मला वाटलं. पण टोकनाला नुसतं पितळ समजणारा माणूस त्याहून मोठ्या चुकीत असतो, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

माझी चूक

आमच्या वस्तीतल्या दत्तमंदिरात पूर्वी एक जुनी दगडी मूर्ती होती. दोन-अडीच फुटांची, झिजलेली, नाक गेलेलं, एक हात मनगटापासून तुटलेला. मुख एकच. पायाशी एक प्राणी, तो कुत्रा की वासरू ते कळत नसे. सहा वर्षांपूर्वी आम्ही जीर्णोद्धार काढला. जयपूरहून संगमरवरी त्रिमुखी मूर्ती आणायचं ठरलं. मी खजिनदार. मूर्ती खंडित झाली म्हणजे विसर्जन करावं हे शास्त्राला धरूनच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सभेत दोन-तीन जण म्हणाले, घाई नको, जुनी मूर्ती औदुंबराखाली ठेवू. तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मुळात तो दत्तच नाही. दत्ताला तीन तोंडं असतात. हा कुठला तरी दगड आहे." हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या शब्दाला वजन असतं. ठराव झाला. आम्ही चौघांनी ती मूर्ती जीपमध्ये घालून वर्धा नदीच्या डोहात सोडली.

मंदिर झाडणारी एक आजी होती. पन्नास वर्षं तिनं तिथे झाडलं असेल. नव्या मूर्तीच्या प्रतिष्ठेला ती आली, लाडू घेतला, पाया पडली. जाताना मला म्हणाली, "भाऊ, त्याले तीन तोंडं नव्हते, पन आयकत होता."

मी काही बोललो नाही. तिचा राग नव्हता, रडणंही नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. ते वाक्य मात्र माझ्याजवळ राहिलं. त्या वाक्यापायी मी वाचायला लागलो, जुनी देवळं पाहत फिरायला लागलो.

तीन मुखं आणि एक मुख

आपण लहानपणापासून शिकलो ते असं. तीन मुखं म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. उत्पत्ती, स्थिती, लय. सहा हातांत माळ आणि कमंडलू ब्रह्मदेवाचे, शंख आणि चक्र विष्णूचे, त्रिशूळ आणि डमरू शंकराचे. मागे उभी गाय म्हणजे पृथ्वी, चार श्वान म्हणजे चार वेद, काखेत झोळी, वर औदुंबर. हा अर्थ खराच आहे आणि गोड आहे. पण दत्तमहाराजांचं हे एकच रूप आहे असं मात्र नाही.

कर्नाटकात बदामीला एक जुनं शिल्प आहे. विष्णू योगासनात बसलेला, मुख एकच, आणि खाली पीठावर हंस, गरुड आणि नंदी कोरलेले. तीन देवांची तीन वाहनं एका देवाच्या आसनात! अभ्यासक ते दत्तात्रेयाचं रूप मानतात. महानुभाव पंथात दत्तात्रेय प्रभू पंचकृष्णांपैकी एक, तिथेही ते एकमुखी. पुरंदरजवळच्या नारायणपूरला आजही एकमुखी दत्ताची पूजा होते. आपल्या देवघरात जी तसबीर असते, तिचा घाट पुष्कळसा छापखान्यांनी घरोघरी पोचवला. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याच्या देवादिकांच्या रंगीत चित्रांत दत्तमहाराजही होते. छपाईनं आपल्यावर उपकार केले, गरिबाच्या भिंतीवरही देव आला. पण एकच चित्र लाख वेळा पाहिलं की दुसरं रूप परकं वाटतं. माझं तेच झालं. कॅलेंडरवरच्या दत्तावरून मी दगडातल्या दत्ताची सही तपासली आणि "सही जुळत नाही" म्हणून परत केली.

मुखांची गंमत अशी की आकडा तोच असला तरी अर्थ तोच असेल असं नाही. घारापुरीच्या लेण्यातल्या त्या प्रचंड तीन मुखांना आपण सर्रास त्रिमूर्ती म्हणतो. पण जाणकार सांगतात, तिथे ब्रह्मा-विष्णू नाहीत, तिन्ही मुखं शिवाचीच: एक उग्र, मधलं शांत, एक स्त्रीसारखं कोमल. युरोपात ख्रिस्ती चित्रकारही एके काळी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा दाखवायला एका मानेवर तीन चेहरे काढत. तिथल्या धर्मगुरूंना ते रुचलं नाही आणि 1628 साली पोप आठवे अर्बन यांनी अशा चित्रांवर बंदी घातली. एकच कल्पना, एके ठिकाणी देव्हाऱ्यात, दुसऱ्या ठिकाणी निषिद्ध.

एवढं लांब कशाला जायचं? आपल्या चंद्रपुरात लालपेठेला रायप्पा वैश्यानं कोरवून घेतलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या प्रचंड मूर्ती उघड्यावर आहेत. त्यात दशमुखी दुर्गा आहे. दहा तोंडं रावणाला आली की आपण अहंकार म्हणतो, देवीला आली की सर्वव्यापी शक्ती म्हणतो. म्हणजे तोंडं मोजून देव ओळखता येत नाही.

पाऊल

आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती तर रोज डोळ्यांसमोर होती. गाणगापूरला काय आहे? निर्गुण पादुका. नरसोबाच्या वाडीला? मनोहर पादुका. औदुंबरला? विमल पादुका. श्रीनृसिंह सरस्वतींची ही तीन थोर स्थानं, आणि तिन्ही ठिकाणी मुख्य पूजा पादुकांची. एकही मुख नाही, हात नाही. मी वाडीला किती वेळा गेलो, "इथे तीन तोंडं कुठे आहेत?" असं कधी विचारलं नाही.

पाऊल ही माणसाची फार जुनी खूण आहे. कोणीतरी इथून गेलं, एवढंच ती सांगते. बाकीचं भक्तानं भरायचं. बुद्धाच्या मूर्ती घडू लागण्यापूर्वी सांचीसारख्या ठिकाणी कारागिरांनी बुद्ध दाखवला तो पावलांच्या ठशांनी, रिकाम्या आसनानं आणि बोधिवृक्षानं. गयेला विष्णुपद आहे. श्रीलंकेत एका उंच डोंगरावर मोठं पाऊल आहे. बौद्ध त्याला बुद्धाचं म्हणतात, हिंदू शिवाचं, मुसलमान आदमचं. त्या डोंगराचं तिथलं नाव काय असावं? श्रीपाद! हे वाचलं त्या दिवशी मी पोथी मिटून हात जोडले. आपल्या श्रीपाद श्रीवल्लभांचं नाव समुद्रापलीकडे एका डोंगराला, आणि चार धर्मांची माणसं एकाच पायवाटेनं वर चढतात.

आता आपल्या घरचं पाऊल. चंद्रपूर वसलं त्याची दंतकथा आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा अंगावरच्या गाठींनी हैराण होता. राजधानी बल्लारपूर. शिकारीला गेला, तहान लागली, झरपटीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी दिसलं. तोंड, हात, पाय धुतले, प्यायला, आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी त्याला झोप लागली. पाणी लागलं तिथल्या गाठी गेल्या होत्या. राणीच्या सांगण्यावरून जागा साफ केली तर खडकात गाईची पाच पावलं निघाली, पाण्यानं भरलेली, कितीही उपसलं तरी न आटणारी. तिथेच अचलेश्वराचं स्थान झालं. पुढे त्याच राजानं एक नवल पाहिलं: कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला आहे. राणीनं त्यात शुभ खूण पाहिली आणि त्या धावेच्या वाटेवर कोट बांधायला सांगितलं.

दत्तभक्तहो, बघा. आपलं गाव ज्या कथेवर उभं आहे तिच्यात गाय आहे आणि कुत्रा आहे. ही कथा गोंड राजघराण्याची, तिला ओढून दत्तकथा करायचा माझा विचार नाही. पण राजाला बरं केलं ते गाईच्या पावलांनी आणि शहराची हद्द आखली ती एका कुत्र्याच्या धावण्यानं. त्या खुणा होत्याच, वाचल्या मात्र राणीनं. राजा नुसता शिकारी असता आणि राणी नसती तर तो एक खड्डा आणि एक पळणारा ससा एवढंच राहिलं असतं.

श्वान आणि नाग

श्वानाबद्दल थोडं थांबतो. सोवळ्याच्या हिशेबात कुत्रा बाहेरचा. तो शिवला की आंघोळ. आणि आपल्या महाराजांनी चार वेद दाखवले ते कुत्र्यांच्या रूपात! मला यात मोठा उपदेश दिसतो. गुरुचरित्रात कथा आहे: वेदविद्येच्या गर्वानं फुगलेले दोन ब्राह्मण आले तेव्हा श्रीगुरूंनी रस्त्यानं जाणाऱ्या एका पतिताला बोलावलं, जमिनीवर सात रेषा काढल्या आणि तो एकेक रेष ओलांडत गेला तसतशी त्याला मागच्या जन्मांची ओळख पटत गेली, शेवटी तोच वेद बोलायला उभा राहिला. ज्याला दाराबाहेर ठेवलं त्याच्या तोंडी ज्ञान. पायाशी बसलेले चार श्वान हेच रोज सांगतात, आणि आपण त्यांना गंध लावून पुढे जातो, मग बाहेर आलो की पायरीवरच्या कुत्र्याला काठी मारतो.

इतर समाजांनीही कुत्र्याला नुसतं जनावर मानलं नाही. जुन्या मिसर देशात मृतांना वाट दाखवणारा देव कोल्ह्या-कुत्र्याच्या तोंडाचा. पारशी लोकांत मृत व्यक्तीला कुत्र्याची नजर दाखवायची रीत आहे. युरोपात राजाराण्यांच्या समाधीवर पायाशी कुत्रा कोरलेला असतो, तिथे तो निष्ठेची खूण. आपल्या महाभारतात धर्मराजासोबत शेवटपर्यंत चालला तो कुत्राच. वेगवेगळे देश, पण माणसाच्या शेवटच्या वाटेवर सोबतीला कुत्रा ठेवावा असं कित्येकांना वाटलं.

नागाचं तसंच. भद्रावतीला एका दिवसात तीन ठिकाणं होतात. भद्रनागाच्या देवळात नाग हाच देव. जैन मंदिरात केसरिया पार्श्वनाथ, त्यांच्या मस्तकावर नागफणांचं छत्र. तिथे नाग रक्षण करणारा. आणि जवळच विजासन टेकडीत बौद्ध लेणी, काळोखात बसलेले बुद्ध. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसती नारळ-अगरबत्ती केली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वाटलं, एकाच गावात नागाला भिणाराही आला, नागाकडून सावली घेणाराही आला, आणि लेण्यात स्वतःचं मन शांत करून बसणाराही आला. डॉक्टरांच्या पाटीवर काठीला गुंडाळलेला साप असतो, तोही ग्रीस देशातल्या एका वैद्यदेवाचा. विष असणाऱ्यातच औषध आहे, हे माणसाला बऱ्याच ठिकाणी उमगलेलं दिसतं.

आणि मूर्ती हवीच असंही नाही. आपल्या शेजारचे राजगोंड बांधव आपल्या पेर्सा पेनला मूर्तीत बसवत नाहीत. लोखंडी भाल्याचं पातं आणि चवरी ही त्याची खूण. भामरागडकडे माडिया लोक गेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. बँकेत असताना रस्त्याच्या कडेला असे दगड दिसायचे आणि मी सोबतच्या शिपायाला विचारायचो, "हे मैलाचे दगड आहेत का?" तो माझ्याकडे बघून गप्प राहायचा. ज्याला अक्षर येत नाही त्याला आपण अडाणी म्हणतो. पण मला त्या दगडांची अक्षरं येत नव्हती, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

महाराजांची रीत

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला भेटलेला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, आणि परंपरेनं तो अवधूत म्हणजे आपले दत्तमहाराज. पृथ्वी, वारा, पाणी, कबुतर, अजगर, मधमाशी, कोळी, बाण घडवणारा कारागीर. यातल्या कोणी त्यांना मंत्र दिला नाही, अनुग्रह दिला नाही. कोळी आपलं जाळं विणत होता, एवढंच. अवधूतानं पाहिलं आणि त्यातून विश्व कसं निर्माण होतं आणि कसं मावळतं ते जाणलं. म्हणजे खूण ओळखणं ही दत्तसंप्रदायाची मूळ साधनाच आहे. जो जगातल्या चोवीस गोष्टींना गुरू करतो, त्याच्या भक्तानं देवळातल्या एका झिजलेल्या मूर्तीला दगड म्हणावं?

औदुंबराकडे पाहिलं की मला हेच आठवतं. उंबराचं फूल कोणाला दिसत नाही, म्हणून क्वचित येणाऱ्या पाहुण्याला आपण उंबराचं फूल म्हणतो. पण फूल नसतं असं नाही. ते फळाच्या आत असतं, बारीक, शेकड्यांनी. बाहेरून बघणाऱ्याला हिरवी गोळी दिसते. मूर्तीचंही असंच आहे. तिचा अर्थ तिच्या पोटात असतो, आणि बहुतेक वेळा तो तिथे ठेवला जातो पन्नास वर्षं झाडणाऱ्या एखाद्या आजीकडून.

तर दोन चुका. एक, टोकनालाच पैसा समजणं: माझ्याच मूर्तीत देव, तुझ्या मूर्तीत नाही, म्हणून भांडणं. दुसरी, टोकनाला पितळ समजणं: हे तर नुसतं दगड, रंग, कागद. पहिल्या चुकीत निदान प्रेम असतं; ते म्हातारे बाबा टोकन जपून घेऊन आले होते. दुसऱ्या चुकीत नुसती घाई असते. ती माझी.

ती मूर्ती खरंच दत्ताची होती का, हे मला आजही सांगता येणार नाही. डोह खोल आहे, आणि आता सांगायला आजीही नाही. एक फोटोसुद्धा आम्ही काढून ठेवला नव्हता. म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती आहे. तुमच्या गावात जीर्णोद्धार निघाला तर नवी मूर्ती जरूर आणा, विसर्जन करायचं तर विधिवत करा. पण त्याआधी जुन्या मूर्तीचे चारही बाजूंनी फोटो काढा. जाणत्या माणसाला, पुरातत्त्व खात्याच्या लोकांना दाखवा. मार्कंड्याला वैनगंगेकाठी शेकडो वर्षांची शिल्पं आज आपल्याला पाहायला मिळतात, कारण मधल्या पिढ्यांनी पडझड झालेलं देऊळही टाकून दिलं नाही. आणि सगळ्यात आधी, तिथे रोज झाडणाऱ्याला, दिवा लावणाऱ्याला विचारा. त्याच्याकडे ती माहिती असते जी कुठल्या कागदावर नसते.

या वर्षीच्या आमच्या सभेत मी एक दुरुस्ती मांडली. सहा वर्षांपूर्वीच्या इतिवृत्तात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "जुना दगड नदीत विसर्जित करण्यात आला." बँकेत आम्हाला शिकवलं होतं, चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही, त्यावर गिरवायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, म्हणजे जुनं वाचता येतं, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. सगळ्यांच्या संमतीनं मी "दगड" या शब्दावर एक रेघ मारली, वर "श्रींची मूर्ती" असं लिहिलं आणि सही केली.

मग गाभाऱ्यात गेलो. संगमरवरी महाराज तीन मुखांनी हसत होते. मी त्यांना नमस्कार केला आणि मनातल्या मनात त्या एकमुखी महाराजांनाही केला. वाटलं, ऐकलं असेल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥